चौथऱ्यावरचं इंजिन पुन्हा वाफेवर आणायचं तर

पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या काही मुलामुलींनी मिळून विचारलंय की, स्टेशनाबाहेर किंवा रेल्वेच्या कार्यालयापुढे चौथऱ्यावर उभं करून ठेवलेलं वाफेचं इंजिन पुन्हा चालू करता येतं का, त्यासाठी काय काय करावं लागतं, आणि चालू झाल्यावर पर्यटकांसाठी ते वर्षानुवर्षं चालवायला काय लागतं. सोबत कळवलंय की दोघांना वेल्डिंग उत्तम येतं, एकाच्या वडिलांचं भोसरीला मशीन शॉप आहे, आणि पाहून आलेल्या इंजिनाची चाकं, रॉड, सिलिंडर ‘एकदम शाबूत’ आहेत.

करता येतं. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये १८५५ साली बनलेलं फेअरी क्वीन हे इंजिन कित्येक दशकं नुसतं बघायला ठेवलेलं होतं. १९९७ मध्ये ते पुन्हा वाफेवर आलं. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये ब्रॉडगेजची डब्ल्यूपी जातीची मोठी इंजिनं अजून पेटवतात. निलगिरीच्या दातेरी रुळांसाठी तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात नवी कोरी वाफेची इंजिनं बांधली. तेव्हा ‘आपल्याकडे हे होत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पण ‘चाकं आणि रॉड शाबूत’ हे वाचून मला एवढंच कळलं की तुम्ही इंजिन बाहेरून बघितलंय. ते सगळं जाड लोखंड. वर्षानुवर्षं पावसात उभं राहिलं तरी त्याचं फार काही बिघडत नाही, आणि बिघडलंच तर भोसरीत दुरुस्त होतं. इंजिन पुन्हा जगणार की नाही हे ठरतं बॉयलरवर. आणि बॉयलर मरतो तो बहुतेक वेळा वाईट पाण्याने नाहीतर घाईने. पुढे मी फिरून फिरून याच दोन गोष्टींवर येणार आहे, तेव्हा कंटाळू नका.

आधी इंजिन कोणतं ते ठरवा. सगळ्यांचा डोळा मोठ्या इंजिनावर असतो, कारण ते दिसायला रुबाबदार. डब्ल्यूपी टेंडरसकट, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, दीडशे टनांच्या वर जातं. ते उचलायला क्रेन, हलवायला मोठा ट्रेलर, उभं करायला खड्डा असलेली शेड, आणि चालवायला चालू मुख्य मार्गावरची परवानगी लागते. तुमच्यासारख्यांनी नॅरोगेजकडे बघावं. आपल्या भागात त्याची परंपराही आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, ७६२ मिलिमीटर गेजची. नेरळ–माथेरान १९०७ ची, ६१० मिलिमीटरची, आणि तिची मूळ इंजिनं जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेलची. अशा इंजिनाचा बॉयलर एका ट्रकवर मावतो, त्याच्या ट्यूब दोन माणसं हाताने ओढून काढू शकतात, आणि एखाद्या आवारात एकदोन किलोमीटर रूळ टाकले तरी ते चालताना शोभतं.

जाता जाता, पुणेकरांच्या मनात डेक्कन क्वीन आणि धूर अशी एक जोडी पक्की बसलेली असते. ती गाडी १ जून १९३० ला सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. पुण्याची वाफ टिकली ती दौंडच्या आणि मिरजेच्या बाजूला. मुंबईच्या बाजूची वाफ आधीच गेली होती.

आता बॉयलर. मधोमध पाण्याचं लांब नळकांडं, त्यातून आरपार गेलेल्या, आगीचा धूर नेणाऱ्या ट्यूब, मागे फायरबॉक्स म्हणजे आगीची पेटी, पुढे स्मोकबॉक्स म्हणजे धुराड्याखालची धुराची पेटी. फायरबॉक्सला दोन भिंती असतात, आतल्या बाजूला आग, बाहेर हवा, आणि दोन भिंतींच्या फटीत पाणी. सपाट भिंतीला दाब सोसत नाही, ती फुगते; म्हणून या दोन भिंती एकमेकींना स्टेने, म्हणजे लहान आडव्या सळ्यांनी, शिवलेल्या असतात. असे शेकडो स्टे. डब्ल्यूपीचा आणि मालगाडीच्या डब्ल्यूजी इंजिनाचा दाब चौरस इंचाला २१० पौंड. म्हणजे एका चौरस फुटावर सुमारे साडेतेरा टन. चार-चार इंचांवर स्टे असतील तर एकेक स्टे दीड टनाच्या आसपास ओढ सोसत असतो, आणि ती ओढ दिवसभर असते.

स्टे तुटतो का? आतली भिंत आगीजवळ, ती जास्त तापते आणि जास्त वाढते. बाहेरची मागे राहते. प्रत्येक वेळी पेटवताना आणि विझवताना आतली भिंत बाहेरचीच्या तुलनेत वर-खाली सरकते आणि स्टे वाकतो. तार वाकवून वाकवून तोडावी तसा तो बाहेरच्या पत्र्यालगत चिरतो. वरच्या रांगेतले आणि कोपऱ्यातले आधी जातात. जुन्या लोकांनी यावर एक साधी युक्ती करून ठेवली आहे. स्टेच्या टोकात मधोमध बारीक भोक पाडलेलं असतं, टेल-टेल होल. स्टे चिरला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ बाहेर येते आणि कळतं की हा गेला. तुम्ही इंजिन बघायला जाल तेव्हा ही भोकं बघा. रंगाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा. वेल्डिंगचा थेंब टाकून बुजवलेली दिसली तर समजा की कुणीतरी गळती ‘बंद’ केली होती, आणि मग त्या इंजिनातल्या इतर कुठल्याही दुरुस्तीवर विश्वास ठेवू नका.

भोकाशिवाय दुसरी तपासणी कानाची. एक जण फायरबॉक्सच्या आत टेकू धरून बसतो, दुसरा बाहेरून प्रत्येक स्टेवर हलक्या हातोडीने ठोकतो. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. हे काम भर दुपारी रस्त्यालगत करू नका, पहाटे करा. आणि ज्याच्यावर शंका, त्याला खडूने खूण करून दुसऱ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून ठोकायला लावा, आधीच्या खुणा न दाखवता.

स्टेनंतर फायरबॉक्सचा तळ. खाली जी कडी असते तिला फाउंडेशन रिंग म्हणतात. पाण्यातला सगळा गाळ तिथे साचतो, त्यातही चार कोपऱ्यांत. गाळाखाली पत्रा कुरतडला जातो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. वॉशआउट प्लग, म्हणजे बॉयलर धुण्यासाठी ठेवलेल्या भोकांची बुचं, काढा, मोबाइलला जोडता येतो तो स्वस्तातला एंडोस्कोप आत सोडा आणि कोपऱ्यांचे फोटो घ्या. मग अल्ट्रासोनिकने पत्र्याची जाडी मोजून घ्या, जिथे सोयीचं तिथे नव्हे, चौकट आखून, प्रत्येक चौकोनात. पुण्यात हे करणारी माणसं सहज मिळतात. थरमॅक्स, फोर्ब्ज मार्शल इथल्याच, आणि बॉयलरभोवतीचा सगळा धंदा पिंपरी-चिंचवडमध्ये पसरलेला आहे. या बाबतीत तुम्ही देशातल्या बऱ्याच हौशी मंडळींपेक्षा नशीबवान आहात.

चौथऱ्यावरच्या इंजिनाचे काही खास रोग असतात. धुराडं उघडं असतं, त्यातून पाऊस थेट स्मोकबॉक्समध्ये पडतो. तिथे शेवटच्या फेरीची राख कुणी काढलेली नसते. राखेत गंधक, वरून पाणी, की आम्ल तयार होतं आणि स्मोकबॉक्सचा तळ चाळणी होतो. पितळी सामान, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, गेजचे कॉक, शिट्टी, बहुधा चोरीला गेलेलं असतं. आणि एक गोष्ट कुणी बघत नाही: बॉयलर फ्रेमवर पूर्ण जखडलेला नसतो. पुढे सिलिंडरच्या बाजूला घट्ट, मागे फायरबॉक्सच्या बाजूला सरकता. २१० पौंडांना आतलं पाणी सुमारे २०० अंशांवर असतं, आणि पाच मीटरचा बॉयलर थंड असताना असतो त्यापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर लांब होतो. तो मागे सरकायला हवा. चौथऱ्यावर या सरकत्या जागा गंजून आणि रंगाच्या थरांनी चिकटून बसतात. तशाच पेटवल्या तर बॉयलर कुठेतरी ताण काढणार, फ्रेमचे बोल्ट तोडून नाहीतर पत्र्याला चीर पाडून.

आणि बॉयलरवरचं पत्र्याचं आवरण काढण्याआधी थांबा. जुन्या इंजिनांत त्याखाली अनेकदा अॅस्बेस्टॉसचं लिंपण असतं. पांढरट-करडं, भुसभुशीत दिसलं की हात लावू नका, झाडू नका, फुंकू नका. नमुना प्रयोगशाळेत द्या आणि तसं निघालं तर परवानाधारक माणसांकडूनच काढून घ्या. कॉलेजच्या पोरांनी रुमाल बांधून करायचं हे काम नाही.

आता तुमच्या वेल्डिंगकडे येतो, कारण तुम्ही ते अभिमानाने लिहिलंय. पाण्याची टाकी, कॅब, अॅश पॅन म्हणजे आगीखालचं राखेचं तबक, पायऱ्या, हे सगळं खुशाल करा. दाबाखालच्या भागाला मात्र तुमचा हात नको, मग तो कितीही चांगला असो. तिथे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० प्रमाणे परीक्षा दिलेला वेल्डर लागतो, ठरलेली पद्धत लागते, नंतर एक्स-रे लागतो. शिवाय जुन्या पत्र्याचं रसायन आधी तपासावं लागतं. काही जुन्या पोलादात गंधक इतकं असतं की वेल्ड थंड होतानाच तडकतो. पत्रा पातळ झाला म्हणून त्यावर वेल्डिंगचा थर चढवून जाडी ‘भरून काढणं’ हा सगळ्यात वाईट प्रकार. कुजलेला तुकडा गोल कोपऱ्यांनी कापून काढावा आणि त्या मापाचा नवा तुकडा बरोबरीत बसवावा. तांब्याचा फायरबॉक्स असेल तर गोष्ट आणखी वेगळी. त्याचे कारागीर आता फार थोडे उरलेत.

इंजिन रेल्वेच्या मालकीचं असेल आणि तिच्याच रुळांवर चालणार असेल तर तपासणी रेल्वेच्या नियमांनी. खासगी आवारात चालवायचं असेल तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाचा, म्हणजे बॉयलर तपासणाऱ्या खात्याचा, दरवाजा आधी ठोठावा, काम झाल्यावर नव्हे. निरीक्षकाला सुरुवातीपासून सोबत घेतलं तर तो मदत करतो. सगळं जोडून झाल्यावर बोलावलं तर त्याला अर्धं उघडून दाखवावं लागतं.

ट्यूबचं फार मनावर घेऊ नका. त्या झिजणाऱ्याच वस्तू. सगळ्या काढा, फेका, नव्या घाला. काळजी फक्त एक्स्पांडर, म्हणजे ट्यूबचं टोक फुलवून भोकात घट्ट बसवणारं हत्यार, फिरवताना. गळती थांबत नाही म्हणून पुन्हा पुन्हा एक्स्पांडर मारला की ट्यूब प्लेटमधलं, म्हणजे ट्यूब जिच्यात बसतात त्या जाड पत्र्यातलं, भोक लंबगोल होतं आणि दोन भोकांमधला पूल चिरतो. मग दोनशे रुपयांच्या गळतीसाठी लाखांची ट्यूब प्लेट बदलायची वेळ येते.

मग हायड्रॉलिक टेस्ट. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, हवा पूर्ण काढून, कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब पंपाने हळूहळू चढवायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलंच तरी स्फोट होत नाही, नुसती चिळकांडी उडते. आत हवेचा फुगा राहिला तर मात्र तोच धोकादायक. या दिवशी आवरण चढवलेलं नको, रंग नको, पाहुणे नकोत.

चाकांकडचं काम थोडक्यात सांगतो. टायर चाकावर तापवून चढवलेला असतो; त्याचं भोक चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकं लहान ठेवतात, तापवला की तो वाढतो, थंड झाला की आवळतो. ढिला झाला का ते पुन्हा हातोडीने ऐकायचं. अॅक्सल बॉक्स, म्हणजे अॅक्सल जिच्यात फिरतो ती बेअरिंगची पेटी, उघडल्याशिवाय इंजिन एक फूटही ओढू नका. चौथऱ्यावर ते एकाच जागी बसलेलं असतं, तेलाची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि अॅक्सलच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, पाणी बसलेल्या रेषेत गंजाचे खड्डे पडलेले असतात. तसंच ओढत नेलं की बेअरिंगचा व्हाइट मेटल त्या खड्ड्यांवर किसला जातो. हाच धातू अडीचशे अंशांच्या आसपास वितळू लागतो, म्हणून चालत्या इंजिनावर प्रत्येक थांब्याला ड्रायव्हर खाली उतरून बॉक्सला आणि रॉडच्या बिग एंडला, म्हणजे चाकाकडच्या टोकाला, हाताची मागची बाजू लावून बघतो. तळवा नाही, मागची बाजू. चटका बसला तर हात आपोआप मागे येतो.

व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणारी दांड्यांची जुळणी, नीट जमला की नाही हे धुराड्यातून ऐकू येतं. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेरीत चार ठोके. चारही सारखे हवेत. एक लांब, एक आखूड आला की इंजिन ‘लंगडतंय’. वाल्शार्ट पद्धतीचा गिअर असेल तर आकडेमोड तुम्हाला कॉम्प्युटरवर जमेल. पण पिना आणि बुश झिजलेल्या असतील तर कागदावरचं माप गाडीवर उतरत नाही. आधी पिना बदला.

ओतीव भागांसाठी पुण्याबाहेर जायची तयारी ठेवा. कोल्हापूरच्या फाउंड्र्या एकटा-दुकटा नग ओतायला अजून तयार होतात, पण पॅटर्न, म्हणजे साचा काढायचा नमुना, तुम्ही न्यायचा. लाकडी पॅटर्न करताना धातू थंड होताना आकसतो तेवढं माप वाढवून धरावं लागतं, लोखंडाला शेकडा एकच्या आसपास, ब्राँझला त्याहून जास्त. जुना भाग स्कॅन करून त्याच मापाचा पॅटर्न केला तर ओतलेला नग लहान निघतो. त्रिमितीय छपाईवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आता समजा इंजिन तयार झालं. इथून पुढचं काम कुणी विचारत नाही, आणि इंजिनं खरी मरतात ती इथे.

थंड बॉयलर पेटवणं हे सगळ्यात सबुरीचं काम. वाफ नसते तेव्हा आतलं पाणी फिरत नाही. वरचा थर उकळायला आलेला असतो आणि तळाला हात लावला तर थंडगार. एकाच बॉयलरचा वरचा भाग वाढलेला आणि खालचा आकसलेला, म्हणजे सगळे सांधे पिळवटतात. म्हणून आधी लाकडं, तीही थोडी, तेलात भिजवलेल्या चिंध्यांवर. मग कडेने कोळसा. आणि बराच वेळ काहीच न करता बसून राहायचं. मोठ्या इंजिनाला पूर्ण दिवस-रात्र द्या. लहान नॅरोगेज इंजिन काही तासांत वाफेवर येतं, पण येतं म्हणून आणायचं नसतं. कॉम्प्रेसरची हवा ब्लोअरला, म्हणजे धुराड्यात झोत सोडून आगीला ओढ देणाऱ्या नळीला, जोडून आग फुलवता येते आणि वेळ निम्म्यावर येतो. मला ही पद्धत आवडत नाही. सोय म्हणून सुरू होते आणि महिन्याभरात सवय होते.

आपल्याकडे साखर कारखान्यांत गाळप हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ असतो. पाहुणे येतात, पूजा होते, फोटो निघतात. तुमच्याही इंजिनाचा असा कार्यक्रम कुणीतरी ठरवेलच. तेव्हा आयोजकांना आधीच सांगून ठेवा की पाहुण्यांची वेळ सकाळी दहाची असेल तर आग आदल्या दिवशीच पेटलेली असेल, आणि साहेबांच्या हातून पडेल तो एक शोभेचा फावडा.

विझवतानाही तेच. दिवस संपला की आग खाली पाडून, सगळी दारं उघडी टाकून घरी जाऊ नका. थंड हवा फायरबॉक्समध्ये शिरते, ट्यूबची टोकं एकदम आकसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गळताना दिसतात. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी वर आणून ठेवा, डॅम्पर म्हणजे आगीला हवा देणारी झडप बंद करा, धुराड्यावर झाकण घाला आणि त्याला आपल्या गतीने निवू द्या. उद्या पुन्हा चालवायचं असेल तर आग मागे ओढून, राखेखाली दाबून रात्रभर धुमसत ठेवा.

यातून वेळापत्रकाचं गणित निघतं. दर रविवारी एकच दिवस चालवणारं इंजिन आठवड्याला एकदा पूर्ण तापतं आणि एकदा पूर्ण थंड होतं. शुक्रवारी पेटवून शनिवार-रविवार सलग चालवलं तर तेवढ्याच तापण्या-थंड होण्यात दुप्पट फेऱ्या होतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सलग चार-पाच दिवस चालवणं आणखी चांगलं. पर्यटन खात्याला हे पटवणं अवघड जातं, पण स्टे मोजतो ते पेटवण्याचे प्रसंग. किलोमीटरशी त्याला देणंघेणं नाही.

पाण्याचं बघू. पुण्यात ज्याच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे त्याने घरचा गीझर उघडून बघावा. कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तोच बॉयलरच्या ट्यूबवर आणि फायरबॉक्सवर बसतो. फरक इतकाच की इथे पलीकडे कोळशाची आग असते. थराने उष्णता पाण्यात जायची अडते, आणि अडलेली उष्णता पत्र्यातच राहते. दख्खनच्या काळ्या पाषाणातलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, तेव्हा सॉफ्टनर बसवा किंवा पावसाचं पाणी साठवा. सोडा आणि टॅनिनची मात्रा पाणी तपासूनच घाला. सोडा जास्त झाला तर रिव्हेटच्या सांध्यात तो घट्ट होत जातो आणि तिथलं पोलाद ठिसूळ करतो. जुने रिव्हेटचे बॉयलर यानेच तडकलेत.

पाण्यात विरघळलेले क्षार फार वाढले किंवा तेल-साबण गेला तर पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. त्याला प्रायमिंग म्हणतात. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनपुढे अडकलेलं पाणी सिलिंडरचं झाकण फोडतं किंवा रॉड वाकवतं. म्हणून निघताना ड्रेन कॉक उघडे ठेवतात. बाजूंनी जो पांढरा फवारा सुटतो तो फोटोसाठी नसतो. रोज थोडं ब्लोडाऊन करा, म्हणजे तळचं गढूळ पाणी दाबाने बाहेर सोडा, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर खिशात ठेवा, आणि ठरलेल्या दिवशी वॉशआउट करा. वॉशआउट म्हणजे सगळे प्लग काढून, दाबाच्या पाण्याने आणि पितळी सळईने कोपरान्‌कोपरा धुणं. गरम बॉयलरवर थंड पाणी मारायचं नाही. अंगठा टेकवून धरता येईल इतका निवू द्या.

इंजेक्टरबद्दल एक स्थानिक गोष्ट. १८५८ मध्ये जिफार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने काढलेलं हे यंत्र. त्यात हलणारा भाग जवळजवळ नाही, बॉयलरचीच वाफ पाण्याला बॉयलरच्याच दाबाविरुद्ध आत ढकलते. ती वाफ थंड पाण्यात विरते म्हणून हे जमतं. एप्रिल-मे मध्ये टाकी उन्हात तापली की वाफ नीट विरत नाही आणि इंजेक्टर उचलत नाही. नवा फायरमन घाबरतो. टाकी सावलीत ठेवा, ताजं पाणी भरा, पाण्याच्या पाइपवर ओलं पोतं गुंडाळा. आणि दोन्ही इंजेक्टर निघण्याआधी चालवून बघा. एक चालतो म्हणून निघायचं नाही.

गेज ग्लासशी, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेशी, खेळ नको. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच सारखीच दिसते, दोन्हींत पाण्याची रेघ नसते. यासाठी काचेमागे काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची पट्टी लावतात. जिथे पाणी आहे तिथे पट्ट्या उलट्या दिशेला कललेल्या दिसतात. पट्टी स्वस्त आहे, ती लावा. कॉक उघडून काच दर थोड्या वेळाने झाडून घ्या, कारण खालचं भोक गाळाने तुंबलं तर काचेत जुनंच पाणी उभं राहतं.

उतार असलेल्या मार्गावर काच खोटंही बोलते. भोर घाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ फुटांना एक फूट. धुराडं वरच्या दिशेला ठेवून चढताना पाणी मागे फायरबॉक्सकडे येतं आणि काच भरलेली दिसते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावतं. पाच मीटरच्या बॉयलरमध्ये दोन टोकांच्या पातळीत साडेतेरा सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि फायरबॉक्सचं छत म्हणजे क्राउन शीट उघडं पडू शकतं. खाली आग, वर पाणी नाही. तिथला शिशाचा प्लग वितळून वाफ आगीवर सुटते आणि इशारा मिळतो, पण तो इशाराच आहे. त्याने आग विझते असं समजू नका. माथ्याच्या आधीच पाणी भरून घेणं ही फायरमनची अक्कल. माथेरानसारख्या १:२० च्या मार्गावर तर हे प्रत्येक वळणाला डोक्यात ठेवावं लागतं.

कोळशाबद्दल फार लिहीत नाही. आपल्या बऱ्याच कोळशात शंभर किलोला तीस-चाळीस किलो राख असते, त्यामुळे क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेची ढेप, धरतो आणि हवा अडते. चुरा घेऊ नका, मुठीएवढे खडे घ्या, आणि जाळी वाटेत झाडता येईल अशी ठेवा.

जून ते सप्टेंबर इंजिन बंद राहणार हे गृहीत धरा. मे महिन्याच्या अखेरीस स्मोकबॉक्स आणि अॅश पॅन खरवडून कोरडे करा. बॉयलर एकतर पूर्ण रिकामा, कोमट असतानाच प्लग काढून वाळवलेला, आत सिलिका जेलचे ट्रे ठेवून बंद केलेला. नाहीतर काठोकाठ भरलेला, सोडा घालून. अर्धा भरलेला बॉयलर पावसाळ्यात सोडला की पाण्याच्या रेषेवर ओळीने खड्डे पडतात. पंधरवड्यातून एकदा इंजिन थोडं ढकलून जागा बदला, म्हणजे अॅक्सलवर तेल फिरतं.

माणसं कुठून आणायची? ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफेची शेवटची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर–फिरोजपूर मार्गावर धावली. तेव्हा ज्यांनी फावडं धरलं त्यातले अगदी तरुणही आता पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांना बोलवाच, पण चहा पाजून आठवणी ऐकायला नको. एकेकाला एकेका कामासमोर उभं करा आणि करून दाखवायला सांगा, व्हिडिओ काढा. दुसरी जागा म्हणजे साखर कारखाने. तिथले बॉयलर अटेंडंट दाब, पाणी, आग हे तिन्ही जाणतात आणि उन्हाळ्यात त्यांना वेळ असतो. आणि तुमच्यापैकी निदान दोघांनी बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्या. पदवीपेक्षा ती इथे जास्त उपयोगी पडेल.

तर आत्ता करायचं ते एवढंच: ज्यांच्या ताब्यात इंजिन आहे त्यांच्याकडून फक्त तपासणीची लेखी परवानगी काढा. दुरुस्तीची नको, ती मागितली की फाइल फिरत राहते. फायरबॉक्सचं दार, स्मोकबॉक्सचं दार आणि खालचे चार कोपऱ्यांतले वॉशआउट प्लग उघडा. प्लग निघत नसतील तर हातोडा घालू नका, गंज सुटणारं तेल सोडून दोन दिवस थांबा. कोपऱ्यांचे फोटो, टेल-टेल होलची रांगवार यादी आणि जाडीची मापं हातात आली की मग वेल्डर, फाउंड्री आणि पैशांचा हिशोब मांडू.